त्या रात्री माग काढला नाही

बाण सुटला तेव्हा संध्याकाळचे ५ वाजून २५ मिनिटं झाली होती. सूर्य मावळायला अर्धा तास होता. जमिनीपासून अठरा फुटांवर, एका जुन्या ओकला बांधलेल्या मचाणावर मी उभी होते आणि बावीस यार्डांवर, मक्याच्या शेताकडे निघालेली हरणाची एक मोठी मादी थबकली होती. तिची उजवी कूस माझ्याकडे होती. पुढच्या पायामागची ती जागा मी वर्षभर कागदी थाळीवर, फोमच्या हरणावर आणि रात्री डोळे मिटल्यावरही बघत आले होते. आता ती समोर स्वच्छ दिसत होती. धनुष्यावरची नेमाची पिन तिथे टेकवली, श्वास अर्धा सोडला आणि दोरी सोडायचं बटण दाबलं.

आवाज चुकीचा आला. बाण छातीच्या पिंजऱ्यात बसला की पोकळ आवाज येतो, ढोलकीवर थाप पडावी तसा, असं मला शिकवलं होतं. मला ऐकू आला तो ओल्या पोत्यावर काठी बसल्यासारखा. मादी उधळली नाही. दोन उड्या मारल्या, मग पाठ कमानीसारखी वर काढून, शेपूट पायांत घालून चालायला लागली. चाळीसेक पावलांवर थांबली. तिथे ती किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोजत नव्हते, नुसती बघत होते. मग ती घळीत उतरली आणि दिसेनाशी झाली.

तोंडातून शब्द निघाला तो मराठीच निघाला. "वर्मी नाही लागला."

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागातली. या भागाला इथे ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा सगळा मुलूख सपाट केला, पण हा तुकडा त्यांच्या तावडीतून सुटला. म्हणून इथे अजून डोंगरसोंडा आहेत, खोल घळी आहेत, चुनखडीचे कडे आहेत. वर ओक आणि हिकरीची झाडं, खाली ओढे, मध्ये मका आणि अल्फाल्फाची शेतं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला याहून चांगलं घर सापडणार नाही. राज्यात या हरणांची संख्या दहा लाखांच्या वर आहे आणि दक्षिणेकडच्या या शेतीच्या पट्ट्यात त्यांना मारून खाणारा लांडगा कधीच संपला.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि उरलेली रानं बघता तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. इथलं गणित वेगळं आहे. इथे शिकार हा हरणांची संख्या आवाक्यात ठेवण्याचा सरकारी मार्ग आहे. परवान्याचे पैसे राज्याच्या वन्यजीव कामासाठी जातात, आणि बंदुका, काडतुसं, धनुष्यबाण यांवरचा केंद्रीय कर १९३७च्या कायद्याखाली त्याच कामासाठी राज्यांना वाटला जातो. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो मी केला. पण खरं शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी. ते निवृत्त दूधवाले शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. आमच्या मुलीने बोलायला लागल्यापासून त्यांना आजोबा म्हटलं, तेव्हापासून तेच त्यांचं नाव. साठ एकरांची ती सोंड त्यांचीच.

पहिल्या दिवशी त्यांनी धनुष्य हातात दिलं नाही. हरणाच्या आत काय कुठे असतं ते कागदावर काढायला सांगितलं. मी काढलं ते त्यांना आवडलं, कारण ते मला येत होतं. जत्रेला आमच्या घरी मामा बकरं कापायचा तेव्हा आम्ही मुलं बाजूला उकिडवी बसून बघायचो. फरा कुठे सुटतो, काळीज, म्हणजे यकृत, कुठल्या बाजूला, वजडी कुठे, फुप्फुसं कशी बरगड्यांना आतून चिकटल्यासारखी असतात, हे मला पुस्तकाआधी माहीत होतं. हरणाचंही तसंच असतं. हृदय खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, कोपराच्या रेषेत. त्याच्या वर आणि मागे फुप्फुसं. मग छाती आणि पोट यांमधला पडदा. पडद्यामागे उजवीकडे काळीज, आणि डावी बाजू जवळजवळ सगळी भरून टाकणारं रवंथाचं मोठं पोट.

बंदुकीची गोळी धक्क्याने मोडतोड करते. बाणाला ती ताकद नाही. माझं धनुष्य पंचेचाळीस पौंडांचं. विस्कॉन्सिनचा नियम किमान तीस पौंडांचा आहे. बाण फक्त कापतो. टोकाची पाती दाढीच्या ब्लेडसारखी असावी लागतात आणि ती जिथून जातील तिथे भरपूर रक्त वाहतं असावं लागतं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर जनावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपून पडतं, बऱ्याचदा शंभर यार्डांच्या आत. या जागेचा आकार साधारण नऊ इंची कागदी थाळीएवढा. तळहाताभर मागे गेलात की तेच सेकंदांचं काम तासांवर जातं. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. आयुष्यात त्यांनी तीन हरणं जखमी करून गमावली होती. प्रत्येकीची जागा, झाड आणि वारा त्यांना पाठ होता.

दोरीच्या आवाजाचं प्रकरणही त्यांनी मला कागदावर सोडवायला लावलं. माझा बाण सेकंदाला साधारण सत्तर मीटर जातो, आवाज तीनशे चाळीस. वीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंदभर आधी पोचतो. ते पळण्यासाठी उडी घ्यायला आधी गुडघ्यांत दबतं आणि तेवढ्यात अंग काही इंच खाली गेलेलं असतं. बाण तुम्ही नेम धरला तिथेच जातो, पण तिथे आता हरणाची पाठ असते. म्हणून कान टवकारलेल्या, मान ताठ केलेल्या हरणावर बाण सोडायचा नाही. चरणाऱ्या, शेपूट सहज हलवणाऱ्या हरणाची वाट बघायची. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्या संध्याकाळी मी ते पाळलंही होतं. माझी चूक वेगळीच होती. ती मला दुसऱ्या दिवशी कळली.

बाण लागल्यावर पहिला अर्धा तास मचाणावरून हलायचं नाही, हा नियम. मी धनुष्य अडकवलं, पडू नये म्हणून झाडाला बांधलेल्या हार्नेसचा पट्टा तपासला आणि बसले. पाय थरथरत होते. ती शेवटची कुठे दिसली ते एका वाकड्या हिकरीच्या खुणेने डोक्यात पक्कं केलं, मचाणावरून फोटो काढला, त्यावर बोटाने रेघ ओढली. हे लगेच करावं लागतं. खाली उतरल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात.

सहाला उतरले. बाण आरपार जाऊन पालापाचोळ्यात रुतला होता, शेपटाशी बसवलेला छोटा लाल दिवा अजून पेटलेला. तो उचलला आणि टॉर्चखाली धरला. फुप्फुसातलं रक्त गुलाबी असतं, त्यात बारीक बुडबुडे असतात. हे रक्त गडद होतं, पिकलेल्या जांभळाच्या रसासारखं. पिसांवर हिरवट काहीतरी लागलं होतं. नाकाजवळ नेलं आणि मला मामाच्या अंगणातला, वजडी धुतानाचा वास आला. काळीज आणि पोट. दोन्ही.

जिथे ती उभी होती तिथे केसांचा पुंजका होता, तपकिरी केस, टोकाला काळसर. पाच-सहा पावलांवर रक्ताचा एकच थेंब, ओकच्या पानावर. मी त्याच्याशेजारी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवला. पुढे जावंसं इतकं वाटत होतं की मला झाडाला हात लावून उभं राहावं लागलं. ती जवळच कुठेतरी होती, दुखत असलेली. जाऊन संपवावं, तिला सोडवावं, हीच माणसाची पहिली इच्छा असते. आणि नेमकं तेच करायचं नसतं. पोटात बाण लागलेलं हरीण सहसा लांब जात नाही. त्याला पडून राहायचं असतं. शे-दोनशे यार्डांत ते झाडोऱ्यात बसतं आणि कुणी त्रास दिला नाही तर तिथेच मरतं. मागून माणूस आला की अंगातलं उरलंसुरलं बळ काढून उठतं आणि मैलभर जातं. रक्त तोवर आत साकळलेलं असतं, माग उरत नाही. मग ते दोन दिवसांनी कुठेतरी मरतं आणि कुणालाच सापडत नाही.

आल्या पावली, तिच्या वाटेला पाय न लावता, मागे फिरले.

आजोबांच्या स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बाण ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बघितला, हुंगला, मला रागावले नाहीत. "नुसतं काळीज असतं तर पाच-सहा तास म्हटलं असतं. पोट असेल तर दहा-बारा. सकाळी जाऊ."

"पहाटे चारला पाऊस आहे."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. इथे आमचा खरा पेच होता. पावसाने रक्त धुऊन जाणार. मध्यरात्री गेलो तर सहा-सात तास होतील, काळजासाठी पुरेसे, पोटासाठी नाहीत, आणि अंधारात ती उठली तर आम्हाला दिसणारही नाही. रात्रीचं तापमान छत्तीस फॅरनहाइट, म्हणजे दोनेक अंश सेल्सियस, म्हणजे मांस टिकेल. पण कोयोटी, म्हणजे कोल्ह्यासारखी इथली जनावरं, येतील. आम्ही एकेक गोष्ट मांडत गेलो आणि शेवटी आजोबा म्हणाले, "कुत्रा बोलवू."

विस्कॉन्सिनमध्ये जखमी हरणाचा माग काढायला पट्ट्याला बांधलेला कुत्रा वापरता येतो. असे कुत्रे तयार करणारी माणसं आहेत, त्यातली बरीच हौसेने, पेट्रोलपुरते पैसे घेऊन रात्री-अपरात्री येतात. आजोबांच्या ओळखीच्या एक बाई चाळीस मैलांवर राहायच्या. फोनवर त्यांनी मला वकिलासारखे प्रश्न विचारले. किती वाजता, कुठल्या कुशीला, हरीण कुठे बघत होतं, बाणावर काय आहे, वास कसला, किती पावलं आत गेलात. शेवटचा प्रश्न दोनदा. पाच-सहा पावलं, असं सांगितल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. लोक दहा जणांना घेऊन रान तुडवतात, बुटांना लागलेलं रक्त सगळीकडे पसरवतात आणि मग कुत्र्याला बोलावतात, असं त्या म्हणाल्या. पावसाची काळजी करू नका. कुत्रा फक्त रक्तावर जात नाही. हरणाच्या खुरांच्या मध्ये ग्रंथी असतात, त्या प्रत्येक पावलाला वास सोडतात. "सकाळी सातला येते. तोवर तिथे पाय ठेवू नका."

घरी आले. नवऱ्याने जेवण वाढलं, मला घास उतरेना. "अगं, तूच म्हणतेस ना की थांबणं हेच बरोबर," तो म्हणाला. "हो," मी म्हटलं, "पण थांबतेय मी. दुखतंय तिला." त्याने मग काही बोलायचा प्रयत्न केला नाही, नुसता बसून राहिला, ते बरं झालं.

नऊला आईचा फोन आला. सांगलीत सकाळचे साडेसात. आई माळकरी आहे, घरात मटण शिजायचं ते वडिलांसाठी आणि चुलीवर, अंगणात. माझं हे शिकणं तिला आवडलेलं नाही, पण तिने मला कधी अडवलंही नाही. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "श्रावणबाळाच्या गोष्टीत दशरथाला बाण लागल्यावर तरी कळलं होतं गं, त्याच्यापाशी जाता तरी आलं. तुला सकाळपर्यंत जाता येणार नाही?" मी नाही म्हटलं. "मग झोपू नकोस," ती म्हणाली. "ती जागी आहे तोवर तू जागी राहा." त्यात रागाचा सूर नव्हता. मी जागी राहिले. दोनच्या सुमारास घळीकडून कोयोटींची कोल्हेकुई ऐकू आली, आणि चारला ठरल्यासारखा पाऊस.

सातला त्या बाई आल्या, बरोबर खरखरीत केसांची एक डॅक्सहुंड कुत्री. गुडघ्याएवढीसुद्धा नाही. मी मनात मोठा, लांब कानांचा हाउंड धरून बसले होते. जर्मनीत या जातीला पिढ्यान्‌पिढ्या जखमी जनावराच्या मागावर तयार केलं जातं, असं त्यांनी सांगितलं. तीस फुटी दोर लावला, कुत्रीला पानावरच्या त्या थेंबाजवळ नेलं. टॉयलेट पेपर भिजून चिखलाला चिकटला होता, थेंब कुठेच नव्हता. कुत्रीने तिथे नाक घातलं, शेपूट ताठ झालं आणि ती निघाली. आम्ही दोघं मागे, वीस पावलं अंतर ठेवून, न बोलता. माझ्या हातात धनुष्य होतं, कारण ती जिवंत असली तर दुसरा बाण लागणार होता.

पहिली बसलेली जागा ऐंशी यार्डांवर सापडली. काटेरी रानगुलाबाच्या जाळीत गवत दबलेलं, हरणाच्या अंगाएवढं अंडाकृती, आणि पानांखाली, पावसाने न धुतलेलं, जवळजवळ काळं रक्त. म्हणजे मी सहाला तिथे बाण हुंगत उभी होते तेव्हा ती बहुधा इथेच होती. ऐंशी यार्डांवर. मी पुढे गेले असते तर ती उठली असती.

त्यापुढे कुत्री घळीच्या तळाशी उतरली, ओढ्याच्या काठाने चालली, एकदा वाट चुकली. परत आली, गोल फिरली आणि ओढा ओलांडून थेट तारेच्या कुंपणाशी थांबली. पलीकडे दुसऱ्याची जमीन. इथला कायदा स्पष्ट आहे. तुमचं हरीण तिथे मरून पडलेलं डोळ्यांना दिसत असलं तरी मालकाच्या परवानगीशिवाय कुंपण ओलांडता येत नाही. आणि तो मालक शिकाऱ्यांना जमिनीवर येऊ देत नाही, हे आजोबांना माहीत होतं. पूर्वी कुणीतरी त्याचं फाटक उघडं टाकून गेलं होतं आणि त्याची गुरं रस्त्यावर गेली होती. त्याची नाराजी रास्त होती.

आजोबांनी फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. कुत्री कुंपणाला नाक लावून कुईकुई करत होती. अर्धा तास आम्ही पावसात तिथे उभे राहिलो, आणि सगळ्या प्रकारात हा अर्धा तास मला सर्वांत जड गेला. शेवटी तो स्वतःच गाडी घेऊन आला, आजोबांशी हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "कधी मारलं?" मी म्हटलं, काल साडेपाचला. "आणि रात्रभर थांबलात?" हो म्हटलं. त्याने तार पायाने दाबून धरली. "या. ओढ्यात मात्र काही टाकू नका."

कुंपणापासून साठ-सत्तर यार्डांवर, गोल्डनरॉडच्या वाळक्या झुडपांत, ती पाण्याकडे तोंड करून पडली होती. मागून, पाठीच्या बाजूने गेले, धनुष्याच्या टोकाने डोळ्याला हलकेच स्पर्श केला. हलली नाही. अंग ताठरलं होतं, पण मांडीच्या आत हात घातला तर अजून ऊब होती. म्हणजे ती रात्रीतच केव्हातरी गेली होती, पण लगेच नव्हे. कुत्रीने तिच्या कुशीवर पंजे ठेवले. बाईंनी तिला थोडा वेळ तसंच राहू दिलं, हा तिचा हक्क आहे म्हणाल्या. मी तिथे गुडघ्यांवर बसून रडले आणि कुणी मला उठवायची घाई केली नाही.

आता माझी चूक. शिरलेली जखम बघितली तर ती कोपराच्या थोडी मागे, थाळीच्या आतच होती. मला कळेना. मग तिला वळवलं. डावीकडची जखम शेवटच्या बरगडीच्याही बरीच मागे, भकाळीत होती. पोट उघडल्यावर वाट पूर्ण दिसली. उजव्या फुप्फुसाचं मागचं टोक जेमतेम खरचटलेलं, पडदा फाटलेला, काळीज मधोमध चिरलेलं, मग रवंथाचं पोट, आणि बाहेर. बाण सरळच गेला होता, मादी तिरकी उभी होती. तिची छाती किंचित माझ्याकडे वळलेली होती आणि मावळतीच्या सपाट उजेडात मला ती आडवी वाटली. मी कातडीवरचा ठिपका बघत होते. बाणाला लांबी, रुंदी आणि जाडी असलेल्या जनावरातून जायचं होतं.

आजोबांनी हे मला सांगितलं नव्हतं असं नाही. "पलीकडचा पुढचा पाय बघ" हे वाक्य त्यांनी पन्नासदा म्हटलं असेल. बाण पलीकडच्या पायाशी निघेल अशी रेषा मनात ओढायची, आणि ती रेषा अलीकडे जिथे कातडीला मिळेल तिथे पिन ठेवायची. हरीण तोंड थोडं पलीकडे करून उभं असेल तर उत्तम. बाण मागच्या बरगड्यांतून शिरून पुढे सरकत दोन्ही फुप्फुसं घेतो. तोंड आपल्याकडे वळलेलं असेल तर अलीकडे फऱ्याचं हाड आडवं येतं आणि त्याला चुकवलं की बाण पोटात जातो. तेव्हा बाण सोडायचाच नाही. वाट बघायची, नाहीतर तिला जाऊ द्यायचं. मला शब्द पाठ होते, त्यांचा अर्थ मला तिचं पोट उघडल्यावर कळला.

साफ करायला दोन तास लागले, एरवी अर्ध्या तासात होतं. पोटातला पाला सगळीकडे सांडला होता. आतल्या बाजूच्या कण्यालगतच्या दोन पट्ट्या, सगळ्यात मऊ मांस, टाकून द्यावं लागलं. काळीज गेलं. भकाळीचं मांस गेलं. उरलेलं पाण्याने धुऊन लगेच पुसून कोरडं केलं. मांस ओलं ठेवलं की बिघडतं. दुपारी राज्याच्या ऑनलाइन नोंदणीत हरीण नोंदवलं. सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ते करावं लागतं.

मानेचा काही इंच भाग ठेवून डोकं कापलं आणि तपासणीच्या पेटीत नेऊन टाकलं. याचं कारण म्हणजे सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२मध्ये पहिल्यांदा सापडला, माउंट होरेबच्या परिसरात, आमच्यापासून गाडीने पाऊण तासावर. प्रिऑन नावाची बिघडलेली प्रथिनं मेंदू पोखरत जातात. ना औषध, ना लस, आणि शिजवून ती नष्ट होत नाहीत. माणसाला झाल्याची नोंद आजवर नाही, तरी रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं. गळ्यातल्या गाठी तपासतात, फुकट. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवलं. दोन आठवड्यांच्या आत निरोप आला, रोग आढळला नाही. त्या रविवारी सुकं खोबरं आणि कांदा भाजून, गावाहून आणलेला कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. आजोबांना बोलावलं, कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याला डबा पाठवला. या मांसाला फारशी चरबी नसते, म्हणून मागच्या मांडीचे तुकडे झाकण घट्ट ठेवून मंद आचेवर शिजवले. आईला फोटो पाठवला नाही. तिने फोनवर एवढंच विचारलं, "वाया नाही ना गेलं?" काही गेलं, आई, मी म्हटलं, पण फार नाही.

पुढचं वर्षभर मी सराव बदलला. सपाट जमिनीवरून थाळीवर नेम मारणं बंद केलं. आजोबांच्या गोठ्याच्या माडीवरून, फोमचं हरीण रोज वेगळ्या कोनात ठेवून मारायचे, आणि बाण कुठे शिरला ते न बघता पलीकडे कुठे निघाला ते मोजायचे. मुलीला सांगितलं होतं की मी पाठमोरी असताना हरीण फिरवून ठेव, आणि मी वळल्यावर तीन मोज. तेवढ्यात मला म्हणायचं असे, मार किंवा सोड. पहिल्या आठवड्यात मी चुकीच्या वेळी "मार" म्हटलं ते किती वेळा, ते तिने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. सप्टेंबरपर्यंत त्या रेघा थांबल्या. अंतराची मर्यादा वीस यार्डांवर आणली. सूर्यास्ताआधीच्या शेवटच्या वीस मिनिटांत, कायदा परवानगी देत असला तरी, मी बाण सोडत नाही, कारण उजेड गेला की कोन कळत नाही.

त्या हंगामात तीन हरणं माझ्यासमोरून सोडून दिली. तिसरं वीस यार्डांच्या आत, पाच मिनिटं, सबंध वेळ छाती माझ्याकडे करून चरत होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी चारला, एक मादी सतरा यार्डांवरून ओकची फळं टिपत आली. आडवी झाली, मग एक पाऊल पुढे टाकून तोंड पलीकडे वळवलं. मी पलीकडचा पाय बघितला, रेषा ओढली, ती अलीकडे मागच्या बरगड्यांवर आली. मन म्हणत होतं की हे फार मागे आहे. तिथेच पिन ठेवली. ढोलकीवर थाप पडल्यासारखा आवाज आला. ती खाली वाकून सुसाट पळाली, साठेक यार्डांवर झुलली आणि मला दिसेल अशी पडली.

तरी अर्धा तास बसले. मग उतरून, पाठीच्या बाजूने तिच्यापाशी गेले, डोळ्याला स्पर्श केला. आणि अलीकडची जखम न बघता आधी तिला वळवून पलीकडची बघितली. पुढच्या पायाच्या मागे, कोपराच्या दोन बोटं वर, केसांवर गुलाबी फेस होता.